पहिलेवाला गेला कुठी

बस वैनगंगेच्या पुलावर चढली तेव्हा कुठं मंदाच्या लक्षात आलं की भंडारा मागं गेलं. कठड्याचे खांब खिडकीतून एकामागून एक निसटत होते आणि त्यांच्या फटींतून खालची फेब्रुवारीतली नदी तुकड्यातुकड्यांनी दिसत होती. वाळू, पाणी, पुन्हा वाळू, कोणीतरी वाळत घातलेलं लाल लुगडं, पुन्हा पाणी. उठावं, गाडी थांबवायला सांगावं, असं तिच्या मनात आलंच नाही. नागपूरहून निघालेली ही साकोली गाडी भंडाऱ्याच्या स्टँडवर चांगली दहा मिनिटं उभी होती. माणसं उतरली, चढली, कोणी संत्र्यांची टोपली तिच्या पायाशी आणून ठेवली, आणि ती हे सगळं बघत बसून राहिली होती. कंडक्टर पुढं येत तिच्यापाशी थांबला.

"बाई, तुमचं तिकीट तं भंडाऱ्याचं आहे न?"

"हाव."

"मंग उतरल्या काहून नाई?"

हे तिलाही माहीत नव्हतं. "लाखनीचं द्या," ती म्हणाली, जणू लाखनीत तिचं काही काम अडलं होतं.

मंदा कापगते भंडाऱ्याजवळच्या एका कारखान्यात हजेरी विभागात कारकून होती. गेली बारा वर्षं. कारखान्याच्या फाटकाशी लाकडी फळा होता, फळ्यावर खिळे, खिळ्यांवर पितळी बिल्ले, आणि एकेका बिल्ल्यावर एकेका कामगाराचा नंबर. माणूस आत जाताना आपला बिल्ला काढून पेटीत टाकायचा. भोंगा झाला की फळ्यावर उरलेले बिल्ले म्हणजे न आलेली माणसं. अकराशेवर बिल्ल्यांची नावं मंदाला तोंडपाठ होती. सहाशे बारा म्हटलं की ती न बघता सांगायची, बेलाटीचा चेटुले, दुसरी पाळी. साहेब लोक पाहुण्यांना घेऊन यायचे आणि गंमत म्हणून तिला नंबर विचारायचे. आता त्या कामासाठी कॉम्प्युटर येणार होता. हजेरी विभाग वर्ष-दीड वर्षात बंद व्हायचा होता, आणि जे कारकून प्रोग्रॅमरच्या खात्यांतर्गत परीक्षेत पास होतील ते तिथंच राहतील, बाकीचे चंद्रपूरकडच्या गोदामात जातील, असं परिपत्रक निघालं होतं. वयाची अट पस्तीस, संधी दोन. मंदाला चौतिसावं लागलं होतं. नवरा यादोराव भंडाऱ्यातच गुरांच्या दवाखान्यात ड्रेसर होता, त्याची बदली होणारी नव्हती. सासू गोदावरीबाईला एका डोळ्यानं दिसत नव्हतं. गोदाम ह्या शब्दाचा अर्थ घरात कोणी उघड बोलत नव्हतं इतकंच. म्हणून मंदानं विभागातल्या भैय्यालालकडून परीक्षेचं सायक्लोस्टाइल गाईड आणलं होतं आणि त्यातले दोनशे बारा प्रश्न उत्तरांसकट पाठ केले होते. लेखी ती पास झाली. आणि आज दुपारी नागपूरच्या मुख्य कचेरीत तोंडी परीक्षेला, तीन साहेबांपैकी चष्म्याची दोरी गळ्यात असलेल्या साहेबानं तिला विचारलं होतं, "समजा, शंभर कामगारांच्या वयाची यादी आहे. यंत्राला एका वेळी एकच वय दिसतं. तर वयानं दुसरा कोण, हे शोधायला तुम्ही त्याला कसं सांगाल?" शंभर, यादी, वय. हे शब्द कानावर पडले आणि गाईडचं एक्केचाळिसावं पान डोळ्यांसमोर उघडलं, डाव्या कोपऱ्यातल्या शाईच्या डागासकट. ती थांबली नाही. पहिलं वय मोठं म्हणून धरायचं, पुढच्याशी ताडायचं, पुढचं जास्त असलं तर ते धरायचं, यादी संपेपर्यंत. एका श्वासात. साहेबानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग तो हळूच म्हणाला, "उत्तर बरोबर आहे, बाई. पण मी हे विचारलं नव्हतं."

कोणी हसलं नाही. कोणी हसलं असतं तर तिला भंडाऱ्याला उतरता आलं असतं.

लाखनीच्या चौकात ती उतरली. ट्रकांची रांग लागली होती, एकाच्या चाकाखाली दगड लावून ड्रायव्हर लोक चहा पीत होते, आणि डिझेलच्या वासात कुठूनतरी भातगिरणीच्या कोंड्याचा गोडसर वास मिसळत होता. एका दुकानाच्या बाकावर बसून तिनं चहा मागितला. आता रडू येईल म्हणून ती वाट बघत राहिली, पण रडू आलं नाही. त्याऐवजी एक चमत्कारिक कुतूहल वाटायला लागलं, जसं पाय बधिर झाला की आपण त्याला चिमटा काढून बघतो तसं. साहेबानं 'दुसरा' म्हटलं होतं. तो शब्द तिला ऐकू आला होता, आत्ताही तसाच ऐकू येत होता, दु वर किंचित जोर देऊन उच्चारलेला. मग ऐकला कोणी? आणि उत्तर दिलं ते कोणी? ती विचार करायला बसलीच नव्हती, तिच्या आधीच कोणीतरी उठून बोलून मोकळं झालं होतं. तिला लहानपणची एकोडीची शाळा आठवली. देवाजी गुरुजी तपासणीच्या दिवशी तिलाच उभं करायचे, आणि ती अपूर्णांकांचे पाढे म्हणायची, पावकी, निमकी, अडखळल्याशिवाय, डोळे मिटून, दोन्ही हात मागं बांधून. तपासणी साहेब खूश. सुट्टीत जनाबाई नावाची मैत्रीण तळ्याच्या बांधावर तिला म्हणाली होती, "मंदे, पावकी म्हंजे काय वं?" आणि मंदानं तिला पावकी पुन्हा पहिल्यापासून म्हणून दाखवली होती. जनाबाईचं तोंड तेव्हा कसं झालं होतं ते सव्वीस वर्षांनी लाखनीच्या बाकावर तिला दिसलं. जनाबाई चिडली नव्हती, हसलीही नव्हती. वाट बघत होती. पावकी संपली तरी ती तशीच वाट बघत बसली होती.

परतीच्या गाडीनं ती खांब तलावाजवळच्या आपल्या दोन खोल्यांच्या घरी आली तेव्हा यादोराव दारातच उभा होता. "लै वेळ लावला? पास होशीन न?" ती म्हणाली, नाही. तो "बरं" म्हणाला आणि तिच्या हातातली पिशवी घेतली. त्याचं असंच होतं, आजारी जनावरापाशी तो जसा आवाज न करता जायचा तसा घरातही वागायचा. गोदावरीबाईनं मात्र आतून विचारलं, "पोरी, विचारलं काय होतं वं तुले?" सबंध दिवसात हे कोणी विचारलं नव्हतं. मंदा म्हणाली, "सांगीन, माय. मंग सांगीन."

मंदा नापास झाली, भैय्यालाल पहिल्याच खेपेला पास झाला. सव्वीस वर्षांचा, तुमसरकडचा, तिच्याच विभागात समोरच्या टेबलावर. नागपूरला ट्रेनिंगला जायला त्याला दोन महिने होते, आणि डब्याच्या सुट्टीत तो आपणहून तिच्याजवळ येऊन बसू लागला. ती प्रश्न वाचायची, आणि वाक्य पुरं व्हायच्या आत तो उत्तर सांगायचा. त्यात मोठेपणा मिरवणं नव्हतं, शिंक यावी तसं ते त्याला यायचं. एकदा तिनं डबा बाजूला ठेवला आणि विचारलं, "भैय्यालाल, तुले हे कळते कसं?"

"दिसते न, ताई."

"कुठी दिसते?"

त्यानं कपाळाला बोट लावलं, मग काढलं. जरा ओशाळला. "आता हे कसं सांगू? दिसते तं दिसते."

तिला त्याचा हेवा वाटायला हवा होता. ती त्याच्या कपाळाकडं बघत राहिली. तिथं खरंच काही घडत होतं का? आणि आपल्या कपाळामागं त्या वेळी काय असतं? हे शोधायचं म्हणून ती दुसऱ्या दिवसापासून स्वतःवर पाळत ठेवायला लागली. पण पाळत ठेवायची तर उत्तर आधी माहीत असून चालणार नव्हतं, आणि तिला तर दोनशे बारा उत्तरं माहीत होती. विसरावं म्हटलं तर विसरता येईना. पावकी तरी कुठं विसरली होती. गाईडची पानं उघडली की नजर आपोआप खाली उत्तरावर जाऊन बसायची, म्हणून यादोरावनं एका रविवारी दवाखान्यातून पांढऱ्या चिकटपट्टीचं बंडल आणलं आणि दोघांनी बसून सगळी उत्तरं पट्ट्या लावून झाकली. "बैलाच्या खांद्याले लावतो तेच हे," तो म्हणाला, "निघणार नाई." नंतर तिनं भैय्यालालला सांगून प्रश्न थोडेथोडे बदलून घेतले. शंभराच्या ठिकाणी दोन याद्या, मोठ्याच्या ठिकाणी मधला. आणि सगळ्यांत वर तिनं साहेबाचा प्रश्न लिहिला. वयानं दुसरा कोण.

तो प्रश्न तिला पाच आठवडे सुटला नाही. भैय्यालाल दोनदा सांगायला आला, दोनदा तिनं कानांवर हात ठेवले. सर्वांत मोठा शोधायचा, त्याला यादीतून काढायचं आणि पुन्हा पहिल्यापासून सर्वांत मोठा शोधायचा, हे तिला जमलं होतं. पण स्वतःच अट घालून यादी एकदाच बघायची म्हटलं की सगळं अडायचं. ती कागद घेऊन बसायची, आणि पाळत ठेवल्यामुळं तिला एक गोष्ट दिसली जी चौतीस वर्षांत दिसली नव्हती. अवघड जागा आली की तिचं मन तिथं थांबतच नव्हतं. पाचवं-सहावं वय ताडायची वेळ आली की तिला अचूक आठवायचं की बालदी नळाखाली राहिली, किंवा सहाशे बारा नंबरचा चेटुले कालपासून दिसला नाही. ती उठायची. बालदी भरलेली असायची, नाहीतर नळच आलेला नसायचा. वहीत तिनं उत्तरांऐवजी हेच लिहायला सुरुवात केली, तारखेसकट. कुठं पळालं. 'बालदी.' 'चेटुले.' 'पायाच्या अंगठ्याचं नख.' 'भूक, पण खोटी.' चोराच्या पायांचे ठसे मोजावेत तसे ती हे मोजायची, आणि तिला त्यात, सांगायला लाज वाटावी इतकी, मजा यायची.

एप्रिलमधल्या एका रविवारी दुपारी गोदावरीबाई सूप घेऊन लाखोरीची डाळ निवडत बसली होती. यादोराव पलीकडच्या खोलीत झोपला होता. उकाड्यानं भिंती तापल्या होत्या आणि छपराच्या कवेलूंवर कुठंतरी खारीची नखं वाजत होती. म्हातारी एकाएकी म्हणाली, "तुवं मंग सांगीन म्हटलं होतं. कई सांगतेस?" मंदाला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि ती हसली. यंत्र म्हणजे काय हे सांगण्यापेक्षा तिनं एक आंधळा माणूस केला, एका घराच्या दारात बसलेला. त्याच्यापुढून शंभर माणसं एकेक करून जातात, तो प्रत्येकाला वय विचारतो, आणि एकदा गेलेला परत बोलावता येत नाही.

"मंग?" गोदावरीबाई म्हणाली. सूप चालूच होतं.

"मंग त्यानं पहिल्याले ओट्यावर बसवलं. म्हटलं, सध्या तूच मोठा. दुसरा आला, तो याच्याहून म्हातारा. मंग ओटा त्याले दिला."

"अन् पहिलेवाला? थो गेला कुठी?"

"गेला. त्याचं काम झालं."

सूप थांबलं. "असा कसा गेला? म्हातारा मानूस, आपल्या दारी आलेला. ओट्यावरून उठवलं तं उठवलं, खालच्या पायरीवर तरी बसवशीन का नाई? का एकदम रस्त्यावर?"

मंदाचा हात हवेतच राहिला. खालची पायरी. तिनं ओटा एकच ठेवला होता, म्हणून जो उठला तो हरवत होता. पायरी असली तर उठलेला पायरीवर येतो, आणि पायरीवर आधी बसलेला असतो तो जातो रस्त्यावर. तिनं तोंडानं म्हणून पाहिलं, सहा वयं, दहा वयं. मग एक माणूस असा आला जो ओट्यावरच्यापेक्षा लहान पण पायरीवरच्यापेक्षा मोठा, आणि ती पुन्हा अडली. नळ आठवला. ती उठली नाही. गुडघे दोन्ही हातांनी धरून बसून राहिली, आणि थोड्या वेळानं तो माणूस आपला आपण पायरीवर जाऊन बसला, ओट्याला हात न लावता. म्हातारी तिच्याकडं एका डोळ्यानं बघत होती. "झालं?" "झालं, माय." "शेवटी कोण निंगाला मंग मोठा?" "कोणी नाई, माय. नुसती वयं." इतकी माणसं दारावरून गेली आणि त्यांतलं कोणी ओळखीचं निघालं नाही ह्याचं गोदावरीबाईला वाईट वाटलं, आणि ती पुन्हा लाखोरी निवडायला लागली.

त्या आनंदाला दोनच दिवसांत बुरशी लागली. हे उत्तर तरी आपलं कुठं होतं, आधी आपण गाईडचं बोलायचो, आता सासूचं बोललो. फळ्यासमोर उभी राहून बिल्ले लावता लावता ती हा विचार अंगठ्याखालच्या पितळेसारखा घासत राहिली. पण गोदावरीबाईनं तर काही सांगितलंच नव्हतं. तिनं विचारलं होतं. आणि विचारलं ते हिशेबाची गोम कळली म्हणून नाही, तर एका म्हाताऱ्याची काळजी वाटली म्हणून. ज्याचं काम झालं त्याचं पुढं काय होतं, हे मंदाला एकदाही विचारावंसं वाटलं नव्हतं, बारा वर्षं रोज अकराशे बिल्ले हाताळून. ती फळ्याकडं बघत राहिली. चेटुलेचा बिल्ला तिसऱ्या दिवशीही खिळ्यावरच होता. संध्याकाळी तिनं पाळीच्या मुकादमाला विचारलं, तेव्हा कळलं की त्याला कावीळ झाली आहे आणि तो बेलाटीला पडून आहे. बारा वर्षांत पहिल्यांदाच तिनं असं कोणाचं विचारलं होतं. मुकादम जरा गोंधळला.

मग ती रोज बसायला लागली, कामावरून आल्यावर, दिवा लागायच्या आधीचा तास. शंभराचा प्रश्न ती आधी दोनाचा करायची, मग तिनाचा. जुन्या कॅलेंडरच्या चिठ्ठ्या कापून त्या खऱ्याखुऱ्या सरकवून पाहायची, आपला हात कुठं जातो आणि का जातो ते बघायची. हात डोक्यापेक्षा आधी पोचायचा पुष्कळदा, मग हाताला विचारावं लागायचं. कधी आठवडा जायचा आणि वहीत नुसती पळालेल्या मनाची यादी. दिवाळीपर्यंत तिनं तेवीस प्रश्न सोडवले होते. यादोरावनं एकदा बोटांवर गणित केलं. "दोनशे बारा आहेत न? असंच चाललं तं सालं एकोणीसशे नव्वद उजाडन." ती इतकी हसली की त्याला आपण काय विनोद केला ते कळेना. तिला खरंच वाटलं होतं की नव्वद उजाडलं तरी चालेल. आणि मग लगेच गोदाम आठवलं, आणि म्हातारीचा तो डोळा, आणि तिनं वही पुन्हा उघडली.

डिसेंबरात एका रविवारी सकाळी भैय्यालाल नागपूरहून आला. दाढी वाढलेली. गोदावरीबाईच्या पाया पडला, चहा घेतला, बशी खाली ठेवली, पुन्हा उचलली. ट्रेनिंगमध्ये एक प्रश्न दिला आहे, म्हणाला, नऊ दिवस झाले. मंदानं नेहमीच्या सवयीनं कानांवर हात नेले, सांगेल की काय म्हणून. तो म्हणाला, "नाई ताई, सांगाले नाई आलो. मले दिसूनच नाई राहिलं." त्याच्या आवाजात जे होतं ते तिनं आधी जनावरांच्या दवाखान्याबाहेर ऐकलं होतं, कधी न आजारलेला बैल पहिल्यांदा बसला की धनी बोलतो तसं. "जनमात असं झालं नाई. मी पाह्यतो, पाह्यतो, अन् काहीच नाई. अंधार. मंग मी काय करू? तुमाले तर कधीच दिसत नाई न? मंग तुमी काय करता?"

वाक्य तोंडातून गेल्यावर तो लाल झाला. पण मंदाला ते लागलंच नाही. हा प्रश्न खरा होता. तिनं ट्रंकेतून वही काढली आणि त्याच्यापुढं ठेवली. तो वाचायला लागला. 'बालदी. चेटुले. भूक, पण खोटी.' त्यानं वर बघितलं. "हे काय आहे?" "मी कुठी कुठी पळाली ते," ती म्हणाली. "तू नऊ दिवस कुठी पळून राहिला ते लिही आधी. मंग प्रश्न लहान कर. अजून लहान. तुले लाज वाटन इतका लहान." तो दुपारपर्यंत थांबला. तिच्या चिठ्ठ्या घेऊन जमिनीवर मांडी घालून बसला होता, ओठ हलवत. तेवढ्या वेळात ती स्वयंपाक करत होती आणि मधूनमधून त्याच्या पाठीकडं बघत होती. ह्या मुलाला अंधाराची ओळखच नाही, तिला वाटलं, आणि आपण तर तिथंच राहत आलो. तिथल्या भिंती कुठं आहेत ते आपल्याला हातानं माहीत आहे. ही काही मोठी मिळकत नव्हती. पण होती. जाताना तो म्हणाला की अजून सुटलं नाही, पण पहिल्यासारखं छातीत होत नाही.

दुसरी तोंडी परीक्षा चौऱ्याऐंशीच्या फेब्रुवारीत झाली, त्याच कचेरीत, आणि योगायोगानं तोच चष्म्याच्या दोरीचा साहेब. त्याला ती आठवत नसावी. सगळ्यांत शेवटी तिचा नंबर लागला. त्यानं विचारलं, "कामगारांनी एक प्रतिनिधी निवडायला चिठ्ठ्या टाकल्या आहेत. कितीही चिठ्ठ्या, कितीही नावं. एकाला निम्म्याहून जास्त मिळाली आहेत. यंत्र चिठ्ठ्या एकेक करून बघतं. पण त्याच्या लक्षात एका वेळी एकच नाव राहतं आणि एकच आकडा. निवडून कोण आला?" मंदा थांबली. तिनं आत पाहिलं, तिथं कुठलंच पान उघडलं नाही.

"हा मला येत नाही, साहेब," ती म्हणाली. "लहान करून पाहू का?"

"पाहा."

तिनं तीन चिठ्ठ्या घेतल्या, मनातल्या मनात पण तोंडानं बोलत. दोन सारख्या, एक वेगळी. वेगळी मध्ये आली तर काय, आधी आली तर काय. मग पाच. दोनदा चुकली, दोन्ही वेळा कुठं चुकली ते तिनंच सांगितलं. बाजूच्या साहेबानं घड्याळ पाहिलं. ती म्हणत होती की पहिलं नाव धरून ठेवायचं, तेच पुन्हा आलं तर आकडा वाढवायचा, पण दुसरं आलं तर आकड्याचं काय करायचं ते तिला अजून, आणि तेवढ्यात वेळ संपला. "ठीक आहे, बाई," दोरीवाला साहेब म्हणाला. "या आता."

निकाल तीन आठवड्यांनी लागला. सात जणांच्या यादीत तिचं नाव सहावं होतं. त्याच साली जिथं बिल्ल्यांचा फळा होता ती भिंत पाडून यंत्राची खोली झाली, आणि मंदा कापगते तिथं काम करू लागली. गोदामाचा शब्द घरातून गेला. पण हे सगळं पुढचं. त्या दिवशी तिला यातलं काहीच माहीत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर खोलीबाहेरच्या लांब बाकावर येऊन बसली तेव्हा निकालाचा विचारही तिच्या डोक्यात नव्हता. साडेपाचची साकोली गाडी होती, तिचाही नव्हता. दुसरं नाव आलं तर आकड्याचं काय, एवढंच होतं. हाताशी कागद नव्हता. तिनं पर्समधून मुलाखतीचं बोलावणं काढलं, मुख्य कचेरीचा शिक्का असलेलं, आणि त्याचे नऊ तुकडे केले.

भोजराज नावाचा म्हातारा चपराशी खोल्यांना कुलपं लावत येत होता. तो बाकापाशी थबकला. "बाई, काय फाडून राहिल्या?"

"भाऊ, वाचता येते?"

"नावं वाचता येते."

तिनं पाच तुकड्यांवर गुलाब लिहिलं, दोनांवर ताराबाई, दोनांवर देवाजी, आणि ते त्याच्या टोपीत घातले. एकेक काढून मोठ्यानं वाचा म्हणाली. त्यानं किल्ल्यांचा जुडगा बाकावर ठेवला.

"देवाजी."

तिनं एक बोट उघडलं. देवाजी, एक.

"गुलाब."

बोट तसंच राहिलं. ती त्याच्याकडं बघत होती. देवाजीनं गुलाबला थांबवलं, तर गुलाबनंही देवाजीला थांबवलं. दोघं एकमेकांना घेऊन गेले, फाटकातून, हातात हात धरून. तिनं बोट मिटलं. "पुढचं."

"गुलाब." एक. "ताराबाई." शून्य. "ताराबाई." एक. "गुलाब." शून्य. भोजराजला आता खेळ चढला होता, तो नाव वाचून क्षणभर थांबायचा आणि तिच्या बोटाकडं बघायचा. "देवाजी." एक. "गुलाब." शून्य. "संपत आलं, बाई. गुलाब."

एक बोट उघडं राहिलं. गुलाब.

जे दोघं वेगळे ते जोडीनं निघून जातात, आणि ज्याची माणसं निम्म्याहून जास्त त्याला पुरेसे जोडीदारच मिळत नाहीत. तो उरतोच. तिनं वर बघितलं तर दोरीवाला साहेब खोलीच्या दारात डब्याची पिशवी घेऊन उभा होता, किती वेळ कोण जाणे.

"बरोबर आहे," तो म्हणाला. मग आपल्यालाच विचारल्यासारखा, "पण मी तुम्हाला सांगितलं होतं की एकाला निम्म्याहून जास्त मिळालीत. समजा, मी खोटं सांगितलं असेल तर? कोणालाच मिळाली नसली तर?"

मंदानं खाली पडलेल्या तुकड्यांतून गुलाबच्या दोन चिठ्ठ्या काढून बाजूला ठेवल्या. गुलाब तीन, ताराबाई दोन, देवाजी दोन. तिनं ते मनात चालवून पाहिलं. शेवटी कोणीतरी उरत होतंच, क्रम बदलला की दुसरं कोणी. एकदा तर चक्क देवाजी.

"उरते कोणीतरी," ती सावकाश म्हणाली. "पण जिंकल्याशिवाय उरते. माझ्या बोटाले ते कळतच नाई." आणि मग तिला इतकं बरं वाटलं की ती साहेबाशी आपल्या घरच्या बोलीत बोलते आहे हेही तिच्या लक्षात आलं नाही. "हे तं मी पाह्यलंच नव्हतं! साहेब, चिठ्ठ्या अजून एक डाव पाहू द्याल का? यंत्राले दुसऱ्यांदा पाहू देता का तुमी?"

"कशासाठी?"

"जे नाव उरलं तेवढंच मोजाले. खरं आहे का खोटं, ते पाहाले."

साहेबानं खिडकीबाहेर पाहिलं. कचेरीचं आवार रिकामं झालं होतं, सायकलींच्या जागी एकच सायकल उरली होती. त्यानं डब्याची पिशवी जमिनीवर ठेवली आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला. भोजराजनं खाली पडलेले तुकडे एकेक वेचून टोपीत घातले, टोपी हलवली, अंगठा जिभेला लावला.

"बोला बाई, तयार?"

मंदानं सगळी बोटं मिटली आणि मूठ पुढं धरली.